मृण्मयी अकराव्या प्रकरणात गेली

दिवाळे कोळीवाड्यातल्या भावना कोळीचं डीटीपीचं दुकान बेलापूरला, कोर्टाच्या मागच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक गाळा, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या आणि एक स्टूल. स्टूल तिच्या आईचं. चंद्राबाई सकाळी मार्केटात म्हावरं विकते आणि दुपारी पाटी धुऊन, हातपाय धुऊन दुकानात येऊन बसते. घरचे पत्रे तापतात आणि इथे पंखा असतो, एवढंच कारण.

भावनाला या धंद्यात चौदा वर्षं झाली. कोर्ट जवळ, लग्नाचे दोन हॉलही जवळ, त्यामुळे लग्नपत्रिका आणि घटस्फोटाचे अर्ज एकाच टेबलावर येतात. यातून तिला एक विद्या आपोआप आली, जिची पदवी अजून कुठलं विद्यापीठ देत नाही. पत्रिकेतली 'चि. सौ. कां.' तीन-चार वर्षांनी 'अर्जदार' होऊन येते. 'चि.'चा 'जाबदार' होतो आणि 'आमचे राहते घर' जाऊन तिथे 'सदर सदनिका' येते. माणसं तीच असतात, पत्ता तोच, पिनकोडसुद्धा तोच. मधल्या काळात काय झालं हे तिला कुणी सांगत नाही आणि ती विचारत नाही.

तिचं स्वतःचंही एकदा जमलं होतं. करंजा गावचा धनेश. साखरपुडा झाला, पत्रिका तिनेच टाईप केली आणि तीनदा प्रूफ तपासलं. धनेश फोनवर "आपलं घर", "आपली होडी" असं बोलायचा. मग एका आठवड्यात "आमच्याकडं असं करत नाय" सुरू झालं. पुढच्या आठवड्यात "तुमची माणसं" आली. आणि एका सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला, त्याची सुरुवात होती, "भावनाजी". भावनाने पुढचं न वाचताच प्रेसला फोन करून पत्रिकांची छपाई थांबवली. संध्याकाळी पुढचं वाचलं. अंदाज बरोबर होता.

तर अशा या भावनाच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी बाबासो मगदूम कादंबरी घेऊन आले.

बाबासो मूळचे शिरोळकडचे. एका सरकारी खात्यात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले आणि खारघरच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले. निरोप समारंभात कुणीतरी भाषणाच्या भरात म्हणालं, "साहेबांच्या टिप्पण्या म्हणजे साहित्यच!" असं प्रत्येक निरोप समारंभात म्हणतात. बाबासोंनी मात्र ते मनावर घेतलं. शाईचं पेन घेतलं, फुलस्केप कागदांचं रीम घेतलं आणि कादंबरीला बसले.

"नाव आहे 'सुगंधी सहवास'," ते भावनाला म्हणाले. "आजकाल सगळे वाईटच लिहितात. भांडणं, संशय, घटस्फोट. मी सुखी संसारावर लिहितोय. यशोधन आणि मृण्मयी. दर गुरुवारी एक प्रकरण आणून देईन."

"पात्रं काल्पनिक का, सर?"

"पूर्ण काल्पनिक." मग जरा पुढे वाकून त्यांनी आवाज खाली आणला. "पण मृण्मयी म्हणजे आमच्या सौ.च समजा. नमिता."

"आणि यशोधन?"

बाबासोंनी चष्मा सारखा केला. "जाणकार वाचक ओळखतील."

पहिली दहा प्रकरणं पाकात बुडवून काढलेली होती. मृण्मयी पहाटे पाचला उठत होती. तिचे केस ओले होते, आणि दहाही प्रकरणांत ते वाळले नाहीत. यशोधनने बेल दाबायच्या आत ती दार उघडत होती, कारण तिला त्याच्या पावलांची चाहूल लागायची. लिफ्टमधून सहाव्या मजल्यावर येणाऱ्या माणसाच्या पावलांची चाहूल कशी लागते, हे यशोधनला कळत नव्हतं आणि बाबासोंनाही. गॅलरीत झोपाळा होता, समोर डोंगर होता, डोंगरावर ढग होते आणि झोपाळ्यावर दोन कप होते. मृण्मयी म्हणायची, "अहो, आज आलं जरा जास्त घातलंय हं!" आणि यशोधन तिच्याकडे बघत राहायचा.

टाईप करता करता भावना मोठ्याने वाचायची. त्याने चुका सापडतात. स्टुलावर बसलेली चंद्राबाई आपोआप श्रोती झाली होती.

"भावना, ही बाय कवा जेवते गो?" चौथ्या प्रकरणाच्या वेळी तिने विचारलं.

भावनाने कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. मृण्मयीने तोवर एकोणीस वेळा स्वयंपाक केला होता, आठ वेळा आग्रह केला होता, पण स्वतः एकदाही जेवली नव्हती.

"जेवत नाही ती, आई. कादंबरी आहे."

"मंग मरंल ना," चंद्राबाई म्हणाली आणि पाय हलवत बसली.

अकरावं प्रकरण आलं ते ऐन मार्चमध्ये. पहिलंच वाक्य होतं, 'तिन्हीसांजेचा केशरी प्रकाश सदर सदनिकेत पसरला होता.'

भावनाची बोटं कीबोर्डवर थांबली. तिने मागची दहा प्रकरणं उघडून पाहिली. 'घरकुल' होतं, 'नंदनवन' होतं, 'आपलं घरटं' तर सत्तावीस वेळा होतं. 'सदनिका' कुठेच नव्हती. अकराव्यात ती आली आणि सोबत 'सदर' घेऊन आली. पुढचं वाक्य होतं, 'यशोधनने आपल्या किल्लीने दार उघडले.' दहा प्रकरणांत या माणसाजवळ कधी किल्ली नव्हती.

बाराव्यात चहा खालच्या टपरीवरून आला. त्याचं वर्णन मोठं रसाळ होतं, कागदी कपातून निघणाऱ्या वाफेला धुक्याची उपमा होती, पण कप एकच होता. झोपाळ्यावर आता कपडे वाळत होते. चार शर्ट, दोन पायजमे. 'त्या शुभ्र शर्टांतून वारा खेळत होता,' असं बाबासोंनी लिहिलं होतं. शर्टांच्या बाजूला साडी नव्हती, गाऊन नव्हता, साधा नॅपकिनही नव्हता. फ्रिज उघडल्यावर त्यात 'दोन अंडी आणि शांतता' होती. हे वाक्य बाबासोंना फार आवडलेलं असावं, कारण त्याखाली त्यांनी रेघ ओढली होती.

तेराव्या प्रकरणात तर मृण्मयीचा फोन आला. बाबासोंनी लिहिलं होतं, 'मृण्मयी यांचा दूरध्वनी आला. त्यांनी यशोधनच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली.'

"घरातल्या घरात फोन?" चंद्राबाईने विचारलं.

"ते नाही, आई. 'यांचा' बघ ना. आधी 'ती' होती. आता 'त्या' झाल्या."

"मान वाढला म्हन."

"बायकोचा मान असा अचानक वाढत नाही."

चंद्राबाईने थोडा विचार केला. "म्हायेरी गेली असंल."

"तसं कुठं लिहिलेलं नाही."

"मंग बाय गेली," चंद्राबाईने निकाल दिला. सकाळच्या उरलेल्या बोंबलांविषयी बोलावं इतक्या सहज ती हे बोलली.

भावनाला पेच पडला. बाबासो दर गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून येत होते. फक्त आता इस्त्री शर्टाच्या पुढच्याच बाजूला असायची. तोंडाने सुखी संसाराबद्दल बोलत होते. टायपिस्टने लेखकाला असलं काही विचारायचं नसतं. पण चौदावं प्रकरण देताना बाबासो स्वतःच म्हणाले, "भावना मॅडम, एक सामान्य वाचक म्हणून तुमचं मत सांगा. अगदी मोकळेपणाने. मी टीकेचं स्वागत करतो."

"सर, मृण्मयी कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? पानापानांत आहे!"

"अकराव्या प्रकरणापासून ती एक शब्दही बोललेली नाही. फोनवर काय बोलली तेसुद्धा तुम्हीच सांगितलंय. आणि घरात तिची एकही वस्तू नाही, सर. आधी कंगवा होता, पोथी होती, बाटलीतलं मनीप्लँट होतं. आता दोन अंडी आहेत."

बाबासोंचा चेहरा लाल झाला. टीकेचं स्वागत तिथेच संपलं. "तुम्हाला कागद टायपिंगला दिलेत," ते म्हणाले. "परीक्षणाला नाही."

पण पुढच्या गुरुवारी ते सुधारलेलं चौदावं प्रकरण घेऊन आले. त्यात मृण्मयी बोलत होती. 'मृण्मयी म्हणाल्या, "आपला आजवरचा सहवास समाधानकारक होता. तथापि यापुढे तो चालू ठेवणे शक्य होईल असे वाटत नाही. तरी आपण प्रकृतीस जपावे."'

भावनाने ते दोनदा वाचलं. "सर, कुठली बायको असं बोलेल?"

"हा वास्तववाद आहे."

"तुम्हाला कुणी असं म्हटलं का?"

बाबासोंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "साधारण या आशयाची एक चिठ्ठी... म्हणजे चिठ्ठीची कल्पना सुचली होती. मूळ भाषा साधी होती. मी ती जरा साहित्यिक केली." आणि ते घाईने निघून गेले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पन्नाशी ओलांडलेली एक बाई दुकानात आली. कामोठ्यातल्या एका खोलीचा भाडेकरार टाईप करून हवा होता. भावनाने आधार कार्ड मागितलं. नाव नमिता बाबासो मगदूम. पत्ता खारघरचा. करारातले रकाने भरताना भावनाने नेहमीसारखं विचारलं, "राहणाऱ्या व्यक्ती किती?"

"एक," नमिता म्हणाल्या. मग त्यांची नजर टेबलावरच्या गठ्ठ्याकडे गेली. निळी शाई, तिरकी अक्षरं. त्यांनी ती लगेच ओळखली. "अच्छा! म्हणजे इथंच टाईप होतं होय? मी सध्या काय करते त्यात?"

भावनाने गठ्ठा जरा मागे ओढला. "सध्या... काही नाही. शांत असता."

"किती पानं झाली?"

"चाळीसेक. मधे एकदाच बोललात."

नमिता हसायला लागल्या. अगदी खुर्चीचा हात धरून हसल्या. "संसारात कधी चाळीस मिनिटं गप्प बसू दिलं नाही हो मला. 'ऐकतेस ना? कसं वाटलं? पुन्हा वाचू का?'"

चंद्राबाईने स्टुलावरूनच विचारलं, "मारायचा काय गो?"

"नाही हो मावशी. वाईट माणूस नाही. रिटायर झाल्यापासून रोज दुपारी मला समोर बसवायचे आणि मृण्मयी वाचून दाखवायचे. इकडे 'मीठ कमी आहे' म्हणून ताट सरकवलेलं असायचं, आणि लगेच वाचायला सुरुवात, की मृण्मयीच्या हातची आमटी म्हणजे अमृत. एकदा ऐकता ऐकता माझा डोळा लागला. तर म्हणाले, मृण्मयी झोपली नसती. मी म्हटलं, मग तिलाच बोलवा."

"आणि?"

"आणि दोन दिवसांनी पिशवी भरली. दारात उभी राहून म्हटलं, मी जाते. ते लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, येताना शाई घेऊन ये."

झेरॉक्स मशीन तेवढं गुरगुरत होतं.

"चिठ्ठीसुद्धा ठेवली होती," नमिता म्हणाल्या. "लिहिलं होतं, कंटाळा आला, बहिणीकडे कामोठ्याला चालले, तब्येतीला जपा. ती त्यांना तिसऱ्या दिवशी सापडली. आता बहिणीच्या पाळणाघरात असते मी. दिवसभर पोरं रडतात, पण वाचून दाखवत नाहीत."

"जेवलीस का बाय?" चंद्राबाईने विचारलं.

नमितांनी तिच्याकडे जरा चमकून पाहिलं. "हो मावशी. भाकरी आणि सुकटीची चटणी. घरी करायला बंदी होती, वास येतो म्हणून." कराराच्या प्रती पिशवीत टाकून त्या उठल्या. "त्यांना सांगू नका मी आले होते. आणि सांगितलंत तरी चालेल. पुढच्या प्रकरणात घालतील."

भावनाने सांगितलं नाही. कादंबरी बाविसाव्या प्रकरणात संपली. शेवटी यशोधन गॅलरीत उभा राहून डोंगराकडे बघत होता आणि 'मृण्मयी यांच्या प्रेमाची ऊब त्याला सर्वत्र जाणवत होती.' अंगात मात्र त्याने स्वेटर घातला होता.

प्रकाशन वाशीच्या एका हॉलमध्ये झालं. बाबासोंनी भावनाला आणि चंद्राबाईला आग्रहाने बोलावलं होतं. माणसं तीसेक होती. त्यातली वीस जुन्या ऑफिसातली होती आणि त्यांचं लक्ष वड्यांच्या ताटाकडे होतं. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मोकळी होती. तीवर 'सौ. मगदूम' असा कागद चिकटवला होता. ऑफिसातल्या एका उशिरा आलेल्या गृहस्थाने तो कागद न वाचताच त्यावर बैठक मारली.

प्रमुख पाहुणे एक ज्येष्ठ समीक्षक होते. पुस्तक त्यांनी येताना गाडीत वाचायला घेतलं होतं. पहिली दहा प्रकरणं गोड लागली म्हणून त्यांनी ती नुसती चाळली आणि एकदम अकरावं उघडलं होतं. ते बोलायला उभे राहिले तेव्हा भारावलेले होते.

"मित्रहो," ते म्हणाले, "विभक्त झालेल्या जोडप्यावर आपल्याकडे खूप लिहिलं गेलं. पण या लेखकाने काय केलं? संपूर्ण कादंबरीत 'घटस्फोट' हा शब्द नाही! 'वेगळे झाले' असं एकही वाक्य नाही! घराची सदनिका होते, आणि आपल्याला कळतं, बायको गेली. कप एकच उरतो, आणि कळतं. 'ती'ची 'त्या' होते, आणि काळीज चिरतं. आणि सगळ्यांत भेदक काय, तर नायक शेवटपर्यंत स्वतःला सुखी समजतो! अशा आत्ममग्न, आंधळ्या नवऱ्याचं इतकं निर्दय चित्र मी आजवर वाचलं नव्हतं. लेखकाच्या या धाडसाला मी वंदन करतो."

जोरदार टाळ्या पडल्या. ऑफिसच्या लोकांनीही वाजवल्या. कुणाचं तरी निर्दय चित्र आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

भावना बाबासोंकडे बघत होती. सुरुवातीला ते हसत होते, पाहुणे कौतुक करतायत एवढंच त्यांना कळत होतं. 'बायको गेली'ला हसू थोडं कमी झालं. 'आंधळ्या नवऱ्या'ला ते थांबलं. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे त्यांचा जुना सहकारी वडा खात होता.

मग आभाराचं भाषण करायला ते उठले. खिशातून लिहिलेला कागद काढला. भावनानेच टाईप केला होता तो. पहिली ओळ होती, 'माझ्या तृप्त सहजीवनाची ही गाथा मी आपल्या हाती सोपवत आहे.' बाबासोंनी कागदाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. माईकमधून त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी कागदाची घडी केली.

"पाहुण्यांनी जे सांगितलं," ते म्हणाले, "ते... बरोबर आहे. माझा तोच हेतू होता."

पुन्हा टाळ्या.

"खोटं बोलतंय," चंद्राबाई कुजबुजली.

"अर्धं," भावना म्हणाली.

पुढे बाबासोंचं बरंच नाव झालं. एका वाचनालयाने पुरस्कार दिला. 'कादंबरीतील विभक्तता: वस्तू आणि शब्द' या विषयावर त्यांची पनवेल, ठाणे, उरण इथे व्याख्यानं झाली. आपण मुद्दाम अकराव्या प्रकरणात 'सदर' हा शब्द कसा पेरला हे ते हाताच्या बोटांवर समजावून सांगत. एका कॉलेजात कुणा मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला बायकांचं मन इतकं कसं कळतं?" त्यावर त्यांनी दहा मिनिटं उत्तर दिलं.

नमिता काही परत आल्या नाहीत. पुस्तकाची प्रत त्यांना पोस्टाने मिळाली. अकराव्या प्रकरणापासून बरं झालंय, असं त्यांनी फोनवर भावनाला सांगितलं.

या वर्षी एप्रिलमध्ये बाबासो दुकानात आले ते कागदांच्या गठ्ठ्याशिवाय आले. हातात फक्त रेशनकार्ड होतं. शर्टाला इस्त्री नव्हती, पण कॉलर स्वच्छ घासलेली होती. नमिताला स्वतःचं कार्ड काढायचंय, म्हणून जुन्यावरून नाव कमी करायला झेरॉक्स हवी, असं ते म्हणाले. भावनाने तीन प्रती काढून दिल्या. ते लगेच निघाले. तासाभराने, ऐन उन्हात, परत आले आणि न विचारताच खुर्चीवर बसले.

"कामोठ्याला जाऊन आलो," ते म्हणाले. "स्वतःच्या हातानं दिल्या."

"बरं केलंत, सर."

"तुमाला कवा कळलं होतं ओ?" त्यांनी एकदम विचारलं. त्यांच्या तोंडून शिरोळकडची बोली भावनाने तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"अकराव्या प्रकरणात."

"मग सांगायचं न्हाई का मला?"

"सांगितलं होतं, सर."

बाबासोंनी मान हलवली. "व्हय. सांगितलं होतं तुम्ही." थोडा वेळ ते पंख्याकडे बघत बसले. "मला त्या हॉलमधे कळलं. त्याआधी वाटायचं, येईल. शाईच आणायला गेली आहे, असं वाटायचं. चार महिने पेन्सिलीनं लिहायचं आणि मग घरात उरलेल्या थेंबभर शाईनं गिरवायचं, असं चाललं होतं माझं. दुकान खालीच आहे. पण आणली न्हाई."

चंद्राबाईने स्टुलाखालची आपली पाण्याची बाटली पुढे केली. बाबासोंनी ती तोंडाला न लावता वरून प्यायली, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"पाळणाघराच्या दारात आली ती," ते सांगू लागले. "कडेवर कुणाचं तरी पोर होतं. झेरॉक्स घेतली. बघितली. म्हणाली, 'ऊन फार आहे, रिक्षानं जा.' एवढंच. आणि आत गेली." ते खुर्चीत पुढे सरकले. व्याख्यानात सरकायचे तसेच. "भावना मॅडम, तुम्हाला शब्दांतलं कळतं. 'रिक्षानं जा.' 'जावे' नाही, 'आपण जावे' नाही. 'जा'. याचा अर्थ काय घ्यायचा?"

भावनाने क्षणभर विचार केला. तिला धनेशचा मेसेज आठवला नाही, कोर्टातले अर्ज आठवले नाहीत. बाहेर गल्लीत डांबर वितळायला आलं होतं आणि माणूस त्रेसष्ट वर्षांचा होता.

"ऊन फार आहे, असा," ती म्हणाली.

"एवढाच?"

"एवढाच, सर."

बाबासो मान हलवत राहिले. रेशनकार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीची घडी केली आणि उठले. गल्लीच्या तोंडाशी दोन रिक्षा उभ्या होत्या. पहिला रिक्षावाला जवळचं भाडं नको म्हणाला. दुसरा तयार झाला.